जुन्या डिझेल गाडीला थर्मोस्टॅट कोणता घ्यायचा? मसाटला शिकलो ते



आजची पोस्ट जरा लांब आहे. पण ज्यांच्या दारात जुना ट्रक, टेंपो उभा आहे किंवा बोटीत ट्रकचंच इंजिन बसवलेलं आहे, त्यांनी ती शेवटपर्यंत वाचावी. मुठीत मावणाऱ्या एका वस्तूपायी आपल्या सोसायटीचे दोन महिने आणि बरेच पैसे गेले. ते कसे गेले ते आधी सांगतो. लपवण्यासारखं काही नाही, चूक आमचीच होती.

सोसायटीचा जुना ट्रक तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. टाटाची १६१३, आत कमिन्सचं सहा सिलिंडरचं ५.९ लिटर इंजिन, ज्याला मिस्त्री लोक सिक्स बीटी म्हणतात. बर्फ, म्हावरं, जाळी, दोर, सगळं याच गाडीनं वाहिलंय. दिवाळीनंतर पापलेट आणि बोंबील भरून गाडी सिल्वासाला निघाली होती. तिथल्या कारखान्यांत बाहेरगावचे कामगार पुष्कळ, माशाला गिऱ्हाईक चांगलं. रस्ता नेहमीचाच: चारोटीला हायवे पकडायचा, तलासरी, आच्छाड करत भिलाड, तिथून आत वळून नरोलीवरून सिल्वासा. भिलाडच्या अलीकडे काटा लाल पट्ट्यात गेला आणि झाकणातून पाणी फेकायला लागलं. ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली ते बरं केलं. अजून पाच किलोमीटर ओढली असती तर हेड गॅस्केटच गेलं असतं.

रस्त्याकडेच्या एका मिस्त्रीला बोलावलं. त्यानं वरचं हाउसिंग खोललं, थर्मोस्टॅट बाहेर काढून हातात दाखवला आणि म्हणाला, "हा अडकलाय. काढूनच टाकतो. आपल्याकडं काय बर्फ पडतो? थंड मुलखातल्या गाड्यांना लागतो हा." आम्हालाही ते पटलं. बर्फ पडत नाही हे खरंच, आपण तो विकत घेतो. पॅकिंग लावून हाउसिंग बंद केलं, साधं पाणी भरलं, गाडी चालू झाली. पण यात चार तास गेले, वरच्या थरातला बर्फ उतरला आणि त्या दिवशी बोंबलाला जो भाव मिळाला तो इथं लिहीत नाही.

मिस्त्रीचं निदान बरोबर होतं, हे आधी सांगायला हवं. थर्मोस्टॅट खरंच अडकला होता. चुकला तो उपाय.

त्यानंतरचे दोन महिने गाडी विचित्र वागली. पहाटे चारला रिकामी निघाली की काटा वर येतच नव्हता. धूर पांढरा, डिझेलचा वास, ॲव्हरेज उतरलेलं. आणि तीच गाडी भरून, दुपारच्या उन्हात चढाला लागली की गरम! रिकामी असताना थंड, भरली की तापते. आम्ही रेडिएटर खोलून साफ करून घेतला. झाकण बदललं. मग कुणीतरी सांगितलं म्हणून वॉटर बॉडीही बदलली. प्रत्येक वेळी खर्च, आणि प्रत्येक वेळी "आता बघा कशी चालते".

जानेवारीत माशाचे प्लास्टिक क्रेट आणायला गाडी मसाटला गेली. सिल्वासाहून सामरवरणी सोडून राखोलीच्या रस्त्याला पुढं गेलं की मसाटची औद्योगिक वसाहत लागते. कारखाने, गोदामं आणि त्यांच्यासाठी उभे असलेले ट्रकच ट्रक. जिथं ट्रक तिथं मिस्त्री. क्रेट भरायला वेळ होता म्हणून तिथल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकाकांना गाडी दाखवली. काकांनी इंजिन चालू केलं, वरच्या मोठ्या होजवर हात ठेवला आणि दोन मिनिटांत विचारलं, "थर्मोस्टॅट कुठं आहे?"

आम्ही म्हटलं, काढला. ते हसले नाहीत, चिडलेही नाहीत. फक्त म्हणाले, "मग बाकी सगळं उगाच बदललंत."

आता ही वस्तू करते काय, ते बघू.

थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेवरचा दरवान. आत तांब्या-पितळेची एक छोटी डबी, तिच्यात मेण. इंजिनचं पाणी तापलं की मेण वितळतं, फुगतं आणि एक दांडा ढकलतं, त्यानं झडप उघडते. पाणी निवलं की मेण आकसतं आणि स्प्रिंग झडप मिटवते. वीज नाही, वायर नाही. झडप बंद असते तेव्हा पाणी इंजिनमध्येच फिरतं, म्हणून इंजिन लवकर कामाच्या तापमानाला येतं. उघडली की पाणी रेडिएटरकडं जातं आणि गार होऊन परत येतं. चालत्या गाडीत ती कायम थोडी उघड, थोडी मीट करत असते.

इथपर्यंत बऱ्याच जणांना माहीत असतं. पुढचा भाग आम्हाला माहीत नव्हता.

झडप बंद असताना पाण्याला फिरायला एक आडवाट लागते. तिला बायपास म्हणतात. हेडमधून निघालेलं पाणी या बायपासनं रेडिएटरला वळसा घालून थेट पंपाकडं परत येतं. आपल्या इंजिनसारख्या रचनेत थर्मोस्टॅट दोन कामं करतो: वरची झडप रेडिएटरची वाट उघडते आणि त्याच वेळी खालचा भाग बायपासचं तोंड बंद करतो. एक दार उघडलं की दुसरं मिटतं. आता तुम्ही थर्मोस्टॅटच काढलात तर दोन्ही दारं कायमची उघडी. आणि पाणी नेहमी सोपी वाट धरतं. रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून जाण्यापेक्षा बायपासचं भोक सोपं. म्हणजे पाण्याचा मोठा हिस्सा गार न होताच पुन्हा इंजिनात येतो. गाडी रिकामी असेल तर उरलेल्या पाण्यावर भागतं, उलट इंजिन थंडच राहतं. माल भरला, चढ लागला, की भागत नाही. आमच्या गाडीचं कोडं एवढंच होतं.

हे काही मसाटच्या काकांचं एकट्याचं मत नाही. कमिन्सच्या बी-सिरीज इंजिनांच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये ही ताकीदच दिली आहे की थर्मोस्टॅटशिवाय इंजिन चालवू नका, पाणी बायपासनं पंपाकडं जाईल आणि इंजिन तापेल. पुस्तकात लिहिलेलं होतं, आपण वाचलं नव्हतं. सगळ्याच इंजिनांची रचना अशी नसते. काही जुन्या इंजिनांत बायपास म्हणजे एक बारीक कायमची नळी असते, तिथं थर्मोस्टॅट काढल्यावर गाडी तापत नाही. म्हणूनच "माझ्या गाडीचा काढलाय, दहा वर्षं काही झालं नाही" असं सांगणारा माणूसही खोटं बोलत नसतो. त्याचं इंजिन वेगळं असतं, इतकंच.

पण तापलं नाही म्हणजे नुकसान नाही, असं समजू नका. थंड चालणारं डिझेल इंजिन आतून झिजतं, आणि ते काट्यावर दिसत नाही. डिझेलला पेटायला स्पार्क प्लग नसतो, दाबून तापलेल्या हवेनंच ते पेटतं. भिंती थंड असल्या की थोडं डिझेल न जळता राहतं. ते बोअरवरचा ऑईलचा थर धुऊन खाली उतरतं, ऑईल पातळ होतं. ऑईलमध्ये पाणी साठतं, गाळ धरतो. रिंगा आणि बोअर लवकर जातात. पूर्वी डिझेलमध्ये गंधक जास्त असायचं, तेव्हा थंड बोअरवर आम्ल तयार होऊन गंजही चढायचा. एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-सहा डिझेल आलं, गंधक खूप कमी झालं, त्यामुळे तो त्रास घटला. पातळ ऑईलचा मात्र तसाच आहे. आमच्या ट्रकचं ऑईल मसाटहून आल्यावर काढलं तेव्हा त्याला डिझेलचा वास येत होता. डिपस्टिकवर पातळी वाढलेली होती आणि आम्ही महिनाभर खूश होतो की गाडी ऑईल पीत नाही!

तर, नवा थर्मोस्टॅट बसवायचा ठरला. आमचा एक माणूस सिल्वासाच्या बाजारातून घेऊन आला. घेर बरोबर, खाचेत बसत होता. काकांनी तो जुन्याशेजारी टेबलावर ठेवला (जुना आम्ही टूलबॉक्समध्ये टाकून ठेवला होता, हे नशीब) आणि म्हणाले, "खाली बघा." जुन्याच्या खाली बायपास बंद करणारी चकती होती. नव्याला नव्हतीच. तो बसवला असता तर बायपास उघडाच राहिला असता आणि आम्ही वर नवा थर्मोस्टॅट घातल्याच्या समाधानात राहिलो असतो.

म्हणून निवडताना पहिली गोष्ट: गाडीच्या नावानं मागू नका, इंजिनच्या नंबरानं मागा. एकाच नावाच्या ट्रकमध्ये वेगवेगळ्या काळात वेगवेगळी इंजिनं आली आहेत. शिवाय आपल्याकडच्या जुन्या गाड्यांत इंजिन बदललेलं असण्याची शक्यता मोठी, आरसी बुकात एक आणि बॉनेटखाली दुसरं. इंजिनवर धातूची पाटी असते. कमिन्सच्या या इंजिनाला ती पुढच्या बाजूला, गियर हाउसिंगवर असते. तिच्यावर इंजिनचा नंबर असतो आणि सीपीएल म्हणून आणखी एक आकडा असतो. पाटीवरचा थर ब्रशनं काढा, फोटो घ्या आणि तो फोटो दुकानदाराला दाखवा. लेलँडवाल्यांनीही तेच करावं, त्यांच्या इंजिनांचा स्वतःचा पार्ट नंबर असतो, टाटाचा "मिळताजुळता" घेऊ नये.

"कमिन्स ५.९" एवढंच सांगूनही भागत नाही. ऑनलाईन मागवणाऱ्या पोरांनी हे नीट लक्षात घ्यावं. टाटा आणि कमिन्सची भागीदारीतली कंपनी १९९३ साली झाली, जमशेदपूरला इंजिनं बनू लागली. पण याच घराण्यातलं इंजिन अमेरिकेत १९८९ पासून डॉजच्या पिकअपमध्ये येत होतं, आणि तिथं २००३ च्या मॉडेलपासून त्याचं कॉमन रेल रूप आलं. ही नवी रूपं धुराच्या नियमांसाठी जास्त गरम चालवतात, त्यांचे थर्मोस्टॅट ८८ किंवा त्याहून वरचे असतात. ऑनलाईन शोधलं की हे सगळे एकाच नावाखाली समोर येतात. आपलं जुनं, साध्या पंपाचं, बारा व्हॉल्व्हचं इंजिन वेगळं. त्याला उघडायला सुरुवात ८३ अंशाला, पूर्ण उघड ९५ ला, हे कंपनीचं माप आहे.

आकड्यांचा घोळ आणखी एक आहे. काही थर्मोस्टॅटवर फॅरनहाइटमध्ये आकडा ठोकलेला असतो. १६० म्हणजे ७१, १८० म्हणजे ८२, १९० म्हणजे ८८. आणि ठोकलेला आकडा हा उघडायला सुरुवात होण्याचा असतो, पूर्ण उघडायला त्याच्यावर अजून दहा-पंधरा अंश लागतात. त्यामुळे ८२ वाला बसवला आणि काटा ९० वर दिसला की "थर्मोस्टॅट खराब आहे" असं म्हणू नका. तो आपलं काम करतोय.

आता सगळ्यात पसरलेला गैरसमज. गाडी तापते म्हणून ७१ वाला बसवायचा, म्हणजे इंजिन थंड राहील. आमच्याही बैठकीत ही सूचना आली होती, आणि ती मांडणारा माणूस तीस वर्षं ट्रक चालवलेला आहे, म्हणून इथं सविस्तर सांगतो. थर्मोस्टॅट इंजिनाचं कमीत कमी तापमान ठरवतो, जास्तीत जास्त नाही. भरल्या गाडीत चढावर तो पूर्ण उघडलेलाच असतो, मग त्याच्यावर ७१ लिहिलंय की ८३, फरक नाही. दरवाजा सताड उघडल्यावर गर्दी किती लवकर बाहेर पडेल ते रस्ता ठरवतो, दरवाजा नाही. तो रस्ता म्हणजे रेडिएटर, पंखा, पंप. ७१ वाल्यानं एवढंच होईल की गाडी तापायला दोन-चार मिनिटं जास्त घेईल, आणि उरलेला सगळा वेळ, सपाटीवर, रिकामी, पहाटेची, ती गरजेपेक्षा थंड चालेल. म्हणजे वर सांगितलेली सगळी झीज फुकटात.

उलट जास्त आकड्याचा, ८८ किंवा त्याच्या वरचा, जुन्या इंजिनात बसवला तर लगेच काही फुटणार नाही. पण रेडिएटर अर्धा चोंदलेला, पंख्याचा पट्टा सैल, असं आपल्या जुन्या गाडीचं एकूण स्वरूप असतं. तिथं हाताशी असलेले पाच-सहा अंश कशाला घालवायचे? कंपनीनं सांगितलेलाच आकडा घ्यावा, असं आमचं मत आता पक्कं झालं आहे.

मापं घ्यायची ती अशी: वरच्या कडेचा घेर, कडेची जाडी, एकूण उंची, आणि खालच्या चकतीचा घेर व ती कडेपासून किती खाली आहे. व्हर्निअर नसेल तर सोसायटीच्या कार्यशाळेत आहे. चकती उथळ राहिली तर बायपास मिटत नाही, जास्त खोल गेली तर झडप पूर्ण उघडण्याआधीच ती तळाला टेकते. कडेवर एक बारीक भोक आणि त्यात हलणारी छोटी पिन असते, तीही जुन्यासारखीच हवी. पाणी भरताना आतली हवा तिच्यातून निघते. थर्मोस्टॅट उभा बसत असेल तर ही पिन वरच्या टोकाला ठेवायची, हवा वरच जमते. आणि मेणाची डबी, स्प्रिंगची बाजू नेहमी इंजिनकडं. उलटा बसवला तर त्याला गरम पाणी वेळेवर लागतच नाही. उलटे बसवलेले आम्ही दोन पाहिले आहेत, एक आपल्याच बंदरात.

विकत आणलेला नवा असो की जुना, बसवण्याआधी पाण्यात उकळून बघा. काकांनी आम्हाला हे करून दाखवलं. एक पातेलं, पाणी आणि १०० च्या वर मोजणारा थर्मामीटर. तापाचा चालणार नाही, तो ४२ ला संपतो. झडप हातानं थोडी उघडून तिच्यात दोऱ्याचं टोक अडकवायचं आणि त्याच दोऱ्यानं थर्मोस्टॅट पाण्यात लटकवायचा. पातेल्याच्या तळाला तो टेकता कामा नये, तळ पाण्यापेक्षा गरम असतो. थर्मामीटरही तसाच मध्ये धरायचा. मंद आचेवर पाणी हलवत तापवायचं. झडप उघडायला लागली की दोरा सुटतो आणि थर्मोस्टॅट टुपकन खाली पडतो. त्या क्षणी थर्मामीटर वाचायचा. ठोकलेल्या आकड्याच्या दोन-तीन अंश इकडंतिकडं चालेल. मग पाणी अजून तापवून ९५ च्या पुढं नेऊन बघायचं, झडप पुरती वर आली का. शेवटी बाहेर काढून गार होऊ द्यायचा, ती पूर्ण मिटली पाहिजे. आमचा जुना ९० पार करून कसाबसा उघडला आणि निम्म्यावर थांबला. गाडी भिलाडला का तापली ते त्या पातेल्यात दिसलं.

घरच्यांसाठी एक सूचना. हे पातेलं वेगळं ठेवा, त्यात पुन्हा चहा करू नका. थर्मोस्टॅटला चिकटलेलं कूलंट विषारी असतं आणि चवीला गोड. गाडीतून काढलेलं कूलंट उघड्या डब्यात अंगणात ठेवू नये. पोरं, कुत्री, मांजरं ते चाटतात.

थर्मोस्टॅट चांगला निघाला आणि तरी गाडी तापते, तर मग त्याला सोडा. रेडिएटरची जाळी बाहेरून बघा. आपल्या गाड्यांच्या मागून खारं पाणी गळतं, बंदरावर खारी हवा, त्यात जाळीच्या पाकळ्या कुजून हातानं मोडतात. आतून बघा, साध्या पाण्यानं गंज आणि क्षार धरलेला असतो. पंख्याचा पट्टा, झाकणाची स्प्रिंग, खालच्या होजचा आतला पदर. झाकण स्वस्त असतं म्हणून कुणी मनावर घेत नाही, पण अर्ध्या बारचं धड झाकण असेल तर साधं पाणी १०० ऐवजी ११० च्या आसपास उकळतं, ढिलं असेल तर १०० लाच. आणि रेडिएटरमध्ये इंजिन चालू असताना सारखे बुडबुडे येत असतील तर ते हेड गॅस्केट, तिथं थर्मोस्टॅट बदलून काही होणार नाही. गरम गाडीचं झाकण उघडू नये हे सगळ्यांना माहीत आहे, तरी दरवर्षी कुणाचा ना कुणाचा हात भाजतोच.

बोटमालकांनो, आता तुमच्याकडं येतो. आपल्या कित्येक बोटींत लेलँडची किंवा कमिन्सची इंजिनं आहेत, म्हणजे मूळ घराणं ट्रकचंच. हीट एक्सचेंजर असेल किंवा तळाखालून पाण्याचे पाईप फिरवलेलं किल कूलिंग असेल, तर इंजिनच्या आत गोडं पाणी किंवा कूलंटच फिरतं आणि थर्मोस्टॅट जवळपास ट्रकसारखंच काम करतो. वर लिहिलेलं बहुतेक सगळं तुम्हालाही लागू आहे. मरीन इंजिनाचा पार्ट नंबर मात्र मरीनच्या पाटीवरूनच बघा. बोटीत इंजिन तासन् तास हळू फिरतं, जाळं ओढताना, जाळ्यावर थांबताना. थर्मोस्टॅट नसेल किंवा उघडाच अडकला असेल तर अशा वेळी ते कधी गरमच होत नाही. डिझेलचा वाढलेला खर्च आपण समुद्रावर आणि वाऱ्यावर ढकलतो.

पण ज्यांचं इंजिन थेट समुद्राच्या पाण्यानं गार होतं, त्यांनी ट्रकचा ८२-८३ वाला चुकूनही घालू नये. खारं पाणी साधारण ६० च्या वर तापवलं की त्यातला क्षार नळ्यांच्या आत थर धरायला लागतो, चहाच्या किटलीत धरतो तसा, पण किती तरी लवकर. म्हणून अशा इंजिनांना मुद्दाम कमी आकड्याचा थर्मोस्टॅट दिलेला असतो. तिथं "ट्रकचा बसतोय, घाला" म्हणणाऱ्याला थांबवा.

आणि समुद्रात असताना इंजिन तापलं तर तांडेलानं आधी थर्मोस्टॅटला हात घालू नये. बाहेर खारं पाणी पडतंय का ते बघा. पडत नसेल तर समुद्राच्या पाण्याची जाळी, तिच्यात अडकलेली पिशवी नाहीतर जेलीफिश, मग पंपाचं रबरी इंपेलर. दहापैकी बहुतेक वेळा गोष्ट तिथंच सुटते. सुटली नाही आणि थर्मोस्टॅटच बंद अडकलाय अशी खात्री झाली, तर किनाऱ्यापर्यंत यायला तो काढून कमी फेऱ्यांवर बोट आणणं हा अडीनडीचा मार्ग आहे. बायपासवाल्या इंजिनात तेव्हाही काट्यावर डोळा ठेवायचा. पण किनाऱ्याला आल्यावर नवा घालायचा, "चाललीय ना" म्हणून सोडून द्यायचं नाही. एक उकळून तपासलेला थर्मोस्टॅट आणि एक पॅकिंग बोटीच्या पेटीत ठेवायला किती जागा लागते?

बसवताना हाउसिंगची दोन्ही तोंडं खरवडून साफ करा, खाचेत जुन्या पॅकिंगचा तुकडा राहिला तर थर्मोस्टॅट तिरका बसतो. बोल्ट आळीपाळीनं आवळा. पॅकिंग असेल तिथं शेलॅक थोडंच, चोपडलेलं आत जाऊन नळ्यांत अडकतं. रबरी सील असेल तर शेलॅक लागतच नाही. कूलंट हळूहळू ओता, हवा निघू द्या, झाकण उघडं ठेवून इंजिन चालू करा आणि वरच्या होजवर हात ठेवा. सुरुवातीला तो गारच राहिला पाहिजे, मग थोड्या वेळानं एकदम गरम व्हायला हवा. तीच थर्मोस्टॅट उघडल्याची खूण. पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत गेला तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय, किंवा आमच्यासारखा नाहीच. काकांनी मसाटला हात ठेवून हेच ओळखलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन थंड असताना पातळी पुन्हा बघा, हवा निघून ती थोडी खाली गेलेली असते.

आपला ट्रक आता भरल्या मालानं चढावरही ठीक चालतोय, आणि पहाटे निघाल्यावर थोड्याच वेळात काटा जागेवर येतो. काढलेला जुना थर्मोस्टॅट आणि बाजारातून आणलेला तो चकती नसलेला, दोन्ही सोसायटीच्या ऑफिसात खिडकीत ठेवलेत, शेजारीशेजारी. हातात घेऊन बघा.

१ जूनला बंदी लागली की बोटी वर येतील, ट्रकलाही काम कमी असेल. त्या दिवसांत ज्यांना आपला थर्मोस्टॅट तपासायचा आहे त्यांनी तो काढून, इंजिनच्या पाटीचा फोटो घेऊन बर्फाच्या शेडमागच्या कार्यशाळेत यावं. पातेलं, शेगडी, थर्मामीटर आणि व्हर्निअर तिथं आहे. दोरा आपला आणा.